आर, ए आणि ई असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द कोणते? वर्डलमध्ये तिन्ही हिरवे येऊनही हरलो

तुम्ही लिहिलंय की काल वर्डलमध्ये पहिल्याच फटक्यात क्रेन (सी-आर-ए-एन-ई) टाकलं, आर, ए, ई तिन्ही हिरवे आले, आणि मग ग्रेप, ग्रेड, ब्रेव्ह, फ्रेम, ट्रेड टाकता टाकता सहाही संधी संपल्या, आणि हे मराठी मीडियममुळे होतं का. (वर्डल म्हणजे सहा संधींत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ; हिरवं म्हणजे अक्षर योग्य जागी, पिवळं म्हणजे शब्दात आहे पण दुसऱ्या जागी, राखाडी म्हणजे शब्दात नाहीच.) मीही मराठी मीडियमचाच, आमच्या वेळी एबीसीडीच पाचवीत सुरू व्हायची (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं), आणि वर्डल मी रोज सकाळी चहाबरोबर खेळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचे पाचही शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघा. ग्रेप, ग्रेड, ब्रेव्ह, फ्रेम, ट्रेड. सगळ्यांत तो "रे" तसाच बसलाय, म्हणजे आपण क्रेनला यमक शोधत बसतो आणि कानाला जे जुळतं ते पटापट सापडत जातं. तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं मला अजिबात वाटत नाही, पाच शब्द सुचले तुम्हाला, पण आपण ते कानाने शोधतो आणि हा खेळ स्पेलिंगचा आहे. सायकलचा ब्रेक बी-आर-ए-के-ई आणि तुटण्याचा ब्रेक बी-आर-ई-ए-के, देवनागरीत दोघांत काहीच फरक नाही. खिसणीवर खिसणे तो ग्रेट जी-आर-ए-टी-ई, आणि मोठा तो ग्रेट जी-आर-ई-ए-टी. "पाच अक्षरी" हा शब्दही आपल्याला घोळात टाकतो, कारण ग्रेप मराठीत लिहिला तर अक्षरं दोनच, आणि पाच अक्षरी म्हटलं की मनात भलताच लांब शब्द येतो.

यावर मला शाळेतलाच एक उपाय कामी आला. आम्ही वर्गात डब्ल्यू-ए-टी-ई-आर वॉटर, वॉटर म्हणजे पाणी असं तालात घोकायचो, तसं शब्द न उच्चारता नुसती स्पेलिंग म्हणायची. जुन्या लाइटबिलाच्या मागे पाच चौकोन काढा, दुसऱ्यात आर, तिसऱ्यात ए, पाचव्यात ई लिहा, आणि पहिल्या चौकोनात ए पासून झेड पर्यंत एकेक अक्षर ठेवत जा, स्वर पण सोडायचे नाहीत. सी आणि एन बाद झाल्यावर माझ्या कागदावर नेहमीच्या वापरातले हे तेरा निघाले: ब्रेक, ब्रेव्ह, ड्रेक (नर बदक), ड्रेप, इरेज, फ्रेम, ग्रेड, ग्रेप, ग्रेट, ग्रेव्ह, ग्रेझ, आयरेट, ट्रेड. तेरा शब्द आणि तुमच्याकडे संधी पाच, म्हणजे एकेक करून टाकत गेलं तर बरंचसं नशिबावर.

म्हणून दुसरी संधी मुद्दाम वाया घालवायची. मी इथे डिजिट टाकला असता, डी-आय-जी-आय-टी. उत्तर डिजिट नसणार हे माहितीच आहे, पण एका फटक्यात डी, जी, टी आणि आय चारही तपासून होतात. नुसता जी पिवळा आला तर ग्रेप, ग्रेव्ह, ग्रेझ एवढेच उरतात. जी आणि टी दोन्ही पिवळे असले तर ग्रेट, जी आणि डी पिवळे असले तर ग्रेड, डी आणि टी पिवळे तर ट्रेड. डी हिरवा झाला तर ड्रेक किंवा ड्रेप, टी बरोबर आय पण पिवळा तर आयरेट. आणि सगळंच राखाडी आलं तर ब्रेक, ब्रेव्ह, इरेज, फ्रेम, तिथे पुढे ब्रेव्ह टाकायचा. मी कागदावर सगळ्या फांद्या लावून बघितल्या, या तेरापैकी कुठलाही असला तरी पाचव्या संधीपर्यंत सापडतोच. फक्त हार्ड मोड चालू असेल तर हे जमत नाही, तिथे हिरवी अक्षरं प्रत्येक वेळी वापरावीच लागतात, त्यामुळे आधी सेटिंग बघून घ्या.

अशी अजून एक जागा म्हणजे शेवटी आय-जी-एच-टी येणारे शब्द, लाइट, नाइट, फाइट, राइट, माइट, साइट, टाइट, एट. लाइट चुकला की लगेच नाइट टाकायचा मोह होतो, त्याऐवजी फर्न्स टाका, एफ-ई-आर-एन-एस, पाच उमेदवारांचा निकाल एकदम लागतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, आर, ए, ई कुठेही असलेले शब्द. सगळे देत नाही पण घराणी ओळखीची झाली की पुढचे आपोआप सुचतात. शेवटी ए-आर-ई: शेअर, स्पेअर, स्टेअर, स्केअर, अवेअर. ई-ए-आर सलग: लर्न, हार्ट, बिअर्ड, पर्ल, अर्थ, यर्न (इथे उच्चारावर अजिबात विसंबू नका, लर्न, हार्ट आणि बिअर्डमध्ये तोच ई-ए-आर वेगवेगळा वाजतो). आर-ई-ए: ड्रीम, क्रीम, ब्रेड, रीच, रेडी, रिअ‍ॅक्ट. शेवटी ई-आर: वॉटर, पेपर, लेटर (नंतर या अर्थाचा, एल-ए-टी-ई-आर), आफ्टर, अँगर. ए शेवटी असणारे कमी, ऑपेरा, झेब्रा, एक्स्ट्रा, आणि नेमके हेच सुचत नाहीत. अ‍ॅग्री आणि ईगर मध्ये ई दोनदा येतो हेही डोक्यात असू द्या.

अवघड शब्द पाठ करायची गरज नाही हे मात्र मी खात्रीने सांगतो. हा खेळ जॉश वॉर्डल या प्रोग्रामरने त्याची जोडीदार पलक शाह हिच्यासाठी बनवला, इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द साधारण १२,००० निघाले, ते तिने एकेक करून चाळले आणि ओळखीचे तेवढे साधारण २,५०० ठेवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला, पण उत्तरं अजूनही बहुतेक त्याच जातीची, रोजच्या वाचनातली असतात.

राहता राहिलं कालचं उत्तर, ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण तुमच्या पाचही शब्दांत आर, ए, ई सोडून बाकी सगळं राखाडी आलं असेल तर जी, पी, डी, बी, व्ही, एफ, एम, टी सगळे बाद, आणि माझ्या कागदावरच्या तेरामधला एकच शिल्लक राहतो, इरेज. ई-आर-ए-एस-ई. कंपासमधल्या इरेजरमधला.