भाचीच्या लग्नाचं बोलावणंच नाही

प्रश्न: मी कसबा बावड्यात राहते, माहेर कागलकडचं. लग्नानंतर नवऱ्याबरोबर चर्चला जायला लागले आणि मागच्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून दादा बोलत नाही. आता त्याच्या मुलीचं लग्न कोल्हापुरातच आहे, पै-पाहुण्यांना पत्रिका गेल्या, आम्हाला नाही. आई फोनवर म्हणाली येऊ नको, उगाच तमाशा होईल. चर्चमधले म्हणतात प्रेम कर, माफ कर. म्हणजे नक्की करू काय? निदान स्टेटसला बायबलमधलं एखादं वचन टाकावं असं वाटतंय, कळू दे तरी त्यांना.

उत्तर: ताई, स्टेटस नका टाकू. टोमणा तो टोमणाच, पवित्र शास्त्रातला असला म्हणून काय झालं. रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखारे रचशील असं आहे ना, आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्यातले निखारेच तेवढे आवडतात, जेवण वाढायचं राहूनच जातं.

वाईट वाटतंय तर वाटू दे, रडा पण. सख्ख्या भावानं टाळलं तर लागणारच की.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात शोमरोनी लोकांच्या, म्हणजे यहुद्यांशी ज्यांचं पटत नव्हतं त्यांच्या, एका गावानं येशूला मुक्कामाला घेतलं नाही, तर त्याचे शिष्य याकोब आणि योहान म्हणाले आकाशातनं आग पाडू का, तेव्हा त्यानं ह्या दोघांनाच दटावलं आणि सगळे दुसऱ्या गावाला गेले. शाप दिला नाही, पण वेशीवर बसून विनवण्या पण केल्या नाहीत हे लक्षात घ्या, म्हणजे मांडवात अचानक जाऊन उभं राहायचं नाही. आणि पुढच्याच अध्यायात वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला उचलून नेणारा भला माणूस म्हणून त्यानं गोष्ट सांगितली ती शोमरोन्याचीच! ज्यांनी दार लावलं त्यांच्याबद्दल मागं काय बोलायचं, ते इथं कळतं. तुमच्याकडं कोणी विचारलं "भावानं बोलावलं नाही व्हय?" तर त्याची निंदा करू नका, त्याची अडचण असेल म्हणा. आणि खरंच असेल, मुलीच्या सासरचे काय म्हणतील, भावकी काय म्हणेल, हे त्याच्या डोक्यावर आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 ला, मधल्या काळात त्या बाईवर काय गेलं असेल बघा, आपला निर्णय घरच्यांना पण सोसायला लागतो हे आपण चर्चमध्ये फार कमी बोलतो.

भाचीला आहेर जरूर करा, पण लग्न उरकल्यावर. साडी, आणि आत चिठ्ठी "आत्याकडून", बास, नवा करार वगैरे घालू नका. परत आली तर कपाटात ठेवून द्या आणि आईला मध्ये घालू नका, तिला आधीच दोन्हीकडनं ऐकून घ्यायला लागतंय.