वाचकांचे प्रश्न : ग्रीक लेखकाचा चरितार्थ

गेल्या अंकात अथेन्सच्या रंगभूमीवरील लेख प्रसिद्ध झाल्यानंतर पुणे शहरातून आणि उपनगरांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा रोख नाटकांपेक्षा लेखकांच्या संसाराकडे होता. याचे समाधान वाटले. इ.स.पू. पाचव्या आणि चौथ्या शतकांतील ग्रीक विचारवैभवाविषयी आपण आदराने बोलतो, परंतु त्या वैभवाचा खर्च कोणी सोसला हे क्वचितच विचारतो. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये पुस्तके विकली जात होती काय? जात असल्यास लेखकाला त्यातून काही मिळत असे काय? आणि मिळत नसेल, तर ही माणसे जगत कशी होती?
— एक निवृत्त शिक्षिका, कोथरूड

पुस्तके विकली जात होती, आणि त्याचा पुरावा चक्क एका खटल्यातील भाषणात आहे. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर पाखंडाचा आरोप झाला. सूर्य हा दगड आणि चंद्र ही माती आहे असे तो म्हणतो, असे फिर्यादी मेलेटसने सांगितले, तेव्हा प्लेटोने लिहून ठेवलेल्या बचावाच्या भाषणात सॉक्रेटिस त्याला ऐकवतो की, ही मते माझी नसून अनॅक्सागोरसची आहेत, आणि ती कोणत्याही तरुणाला फार तर एका द्राख्माला विकत मिळू शकतात. पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा होती. म्हणजे विश्वाच्या रचनेवरील एक ग्रंथ गवंड्याच्या एका दिवसाच्या कमाईत येत असे. अर्थात सॉक्रेटिस येथे उपरोधाने बोलत आहे, त्यामुळे ही किंमत अगदी दरपत्रकासारखी धरू नये. परंतु पाचशेच्या आसपास न्यायाधीश-नागरिकांसमोर हे वाक्य बोलता आले, याचाच अर्थ पुस्तकविक्री ही त्यांच्या परिचयाची गोष्ट होती.

ही पुस्तके म्हणजे इजिप्तहून येणाऱ्या पपायरसच्या गुंडाळ्या होत्या. त्यांवर शब्दांमध्ये जागा न सोडता सलग मजकूर लिहिलेला असे, आणि प्रत्येक प्रत हाताने उतरवावी लागे. एकदा प्रत लेखकाच्या हातून सुटली की तिची नक्कल कोणीही करू शकत असे. लेखकाचा तिच्यावर कसलाही कायदेशीर हक्क नव्हता. प्लेटोच्या ‘पार्मेनिडिस’ या संवादात झेनो तक्रार करतो की, तरुणपणी लिहिलेल्या ग्रंथाची प्रत कोणी तरी चोरली, त्यामुळे तो प्रसिद्ध करावा की नाही हे ठरवण्याची संधीही त्याला मिळाली नाही. खुद्द प्लेटोचे संवाद त्याचा शिष्य हर्मोडोरस सिसिलीत नेऊन विकत असे, आणि ‘हर्मोडोरस शब्दांचा व्यापार करतो’ अशी म्हणच त्यावरून पडली.

तेव्हा पुस्तकविक्रीवर पोट भरणारा लेखक त्या काळी नव्हता. पैसा दुसरीकडून येत असे, आणि माझ्या मते तो जिथून येई तिथला ठसा लेखनावर स्पष्ट उमटलेला दिसतो. इतिहासकार थ्युसिडिडिसचेच पाहा. थ्रेसमधील सोन्याच्या खाणी चालवण्याचा हक्क आपल्याकडे होता, हे त्याने स्वतःच नोंदवले आहे. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातील पेलोपोनेशियन युद्धात, इ.स.पू. 424 मध्ये, अ‍ॅम्फिपोलिस हे नगर शत्रूच्या हाती पडल्यावर सेनापती या नात्याने त्याला वीस वर्षे परागंदा व्हावे लागले. तरीही तो दोन्ही पक्षांकडील माहिती गोळा करत राहिला आणि आपला इतिहास क्षणभर कानांना गोड लागावा म्हणून लिहिलेला नाही, तो सर्वकाळ जवळ ठेवण्याचा ठेवा आहे, असे बजावू शकला. श्रोत्यांना खूश करण्याची गरज नसलेल्या माणसाचाच हा आवाज आहे. झेनोफोनला स्पार्टाने ऑलिम्पियाजवळ स्किलस येथे जमीन दिली होती, आणि त्याच्या लेखनातला स्पार्टाविषयीचा ओलावा त्या जमिनीपासून वेगळा काढता येत नाही.

ज्यांच्याकडे खाण किंवा जमीन नव्हती त्यांना आश्रयदाता शोधावा लागे. कवी पिंडर सिराक्यूजचा सत्ताधीश हिएरॉन याच्या घोड्याने ऑलिम्पियात मिळवलेल्या विजयावर स्तोत्र रचत होता, आणि तोच पिंडर दुसऱ्या एका रचनेत म्हणतो की, पूर्वी काव्यदेवता पैशाची लोभी नव्हती आणि मोलाने राबतही नव्हती. नाटककार युरिपिडिस आयुष्याच्या शेवटी मॅसिडोनियाचा राजा आर्केलाउस याच्या दरबारी गेला आणि इ.स.पू. 406 च्या सुमारास तिथेच मरण पावला.

सर्वांत रोचक उदाहरण मला लिसियासचे वाटते. तो अथेन्समध्ये राहणारा परका, म्हणजे नागरिकत्व नसलेला रहिवासी होता. घरची परिस्थिती उत्तम होती, कुटुंबाचा ढाली तयार करण्याचा कारखाना होता. इ.स.पू. 404 मध्ये सत्तेवर आलेल्या ‘तीस जणां’च्या राजवटीने मालमत्ता लुटली आणि त्याचा भाऊ पोलेमार्कस याला विष प्यायला लावले. लोकशाही परत आल्यावर लिसियास दुसऱ्यांसाठी न्यायालयीन भाषणे लिहून देऊ लागला. अथेन्सच्या न्यायालयात पक्षकाराने स्वतःच उभे राहून बोलायचे असे. त्यामुळे भाषण त्या माणसाच्या तोंडी शोभेल असेच लिहावे लागे. राज्याकडून दररोज एक ओबोल, म्हणजे द्राख्माचा सहावा हिस्सा, मिळवणाऱ्या एका अपंग माणसाचा भत्ता बंद करण्याची मागणी झाली, तेव्हा त्याच्यासाठी लिहिलेले भाषण लिसियासच्या नावावर आजही उपलब्ध आहे. त्यातला मिश्कील, थोडासा आगाऊ, परंतु कोठेही न रडणारा आवाज वाचताना आपण वकिली कागद वाचत आहोत हे विसरायला होते. पक्षकाराच्या गरजेतून आलेली ही शैली आहे. खाणमालक थ्युसिडिडिसला ती कधीच साधली नसती, आणि त्याने ती साधण्याचा प्रयत्नही केला नसता.

सॉफिस्ट शिकवण्याचे शुल्क घेत म्हणून प्लेटोने त्यांना हिणवले, असे आम्हाला वर्गात सांगितले गेले. ज्ञान विकणे खरोखरच इतके निंद्य होते काय?
— तत्त्वज्ञानाचा एक विद्यार्थी, शिवाजीनगर

क्लासच्या फलकांनी भरलेल्या या शहरातून हा प्रश्न आला, हे बरे झाले. प्लेटोचा आक्षेप खरा होता, परंतु तो कोणत्या घरातून आला हेही पाहिले पाहिजे. प्लेटो अथेन्सच्या जुन्या, सधन कुळातला होता. शुल्क न घेणे त्याला परवडत होते. अब्देराचा प्रोटागोरस, केऑसचा प्रोडिकस, लिओंटिनीचा गॉर्जियास हे सगळे सॉफिस्ट, म्हणजे शुल्क घेऊन वक्तृत्वासारखे विषय शिकवणारे शिक्षक, बाहेरगावचे होते. अथेन्समध्ये त्यांना मताधिकार नव्हता आणि तेथे जमीन घेण्याचा हक्कही नव्हता. गॉर्जियास तर इ.स.पू. 427 मध्ये आपल्या नगराचा दूत म्हणून तेथे आला आणि त्याच्या वक्तृत्वाने सभा दिपून गेली. लोकशाहीत ज्याला बोलता येते तो टिकतो, हे अथेन्सच्या धनिकांना पक्के ठाऊक होते, म्हणून ते आपल्या मुलांसाठी पैसे मोजायला तयार होते.

गंमत अशी की, त्यांच्या शुल्काची माहिती आपल्याला मुख्यतः प्लेटोकडूनच मिळते. ‘क्रॅटिलस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की, प्रोडिकसचे पन्नास द्राख्मांचे व्याख्यान मी ऐकले असते तर नावांच्या योग्यतेचा प्रश्न तत्काळ सोडवला असता. पण मी आपले एका द्राख्मावालेच ऐकले आहे. ‘मेनो’त तो सांगतो की, प्रोटागोरसने एकट्याने फिडियास आणि आणखी दहा शिल्पकार यांच्याहून अधिक पैसा मिळवला. परंतु ‘प्रोटागोरस’ या संवादात त्याच माणसाच्या तोंडी शुल्काची पद्धतही आली आहे: शिकून झाल्यावर शिष्याची इच्छा असेल तर त्याने ठरलेले शुल्क द्यावे, नसेल तर मंदिरात जाऊन, हे शिक्षण आपल्याला किती मोलाचे वाटले ते शपथेवर सांगावे आणि तेवढेच द्यावे. आजच्या कोणत्या शिकवणीवर्गाने ही अट मान्य केली असती, हे वाचकांनीच ठरवावे.

आयसोक्रेटिसचे प्रकरण याहून बोलके आहे. त्याच्या वडिलांचा बासऱ्या बनवण्याचा कारखाना होता, पण पेलोपोनेशियन युद्धात घरची संपत्ती गेली. आवाज बारीक आणि सभाधीटपणा नाही, म्हणून तो व्यासपीठावर गेला नाही. आधी इतरांसाठी न्यायालयीन भाषणे लिहिली, नंतर इ.स.पू. 390 च्या सुमारास शाळा काढली. ‘सॉफिस्टांविरुद्ध’ या लेखात तो प्रतिस्पर्ध्यांची टर उडवतो की, हे लोक साऱ्या सद्गुणांचे आणि सुखाचे आश्वासन देतात आणि मोबदला मागतात अवघा तीन-चार मिना. एक मिना म्हणजे शंभर द्राख्मा. स्वतः आयसोक्रेटिसचे शुल्क हजार द्राख्मा, म्हणजे दहा मिना होते असे परंपरा सांगते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, शुल्क घेणे निंद्य नव्हते. ज्यांना घरचे उत्पन्न होते त्यांनी ते निंद्य ठरवले, आणि पुढे त्यांचीच पुस्तके जपली गेली.

आमच्याकडे पुरुषोत्तम करंडकाच्या निकालानंतर परीक्षकांवर बरेच काही बोलले जाते. अथेन्समधील नाट्यस्पर्धांचा निकाल कसा लागत असे?
— एक हौशी रंगकर्मी, नारायण पेठ

चिठ्ठ्यांवर. दहा जमातींतून निवडलेली नावे सीलबंद घटांत ठेवली जात आणि स्पर्धेच्या वेळी प्रत्येक घटातून एक नाव काढून दहा परीक्षक ठरत. त्यांनी आपापला क्रम लिहून दिल्यावर त्या दहांपैकी पाचच मते काढून निकाल लावला जाई, असे मानले जाते. लाच देणाऱ्याला शेवटपर्यंत कळू नये की कोणाचे मत मोजले जाणार आहे, अशी ही व्यवस्था होती. परीक्षकांवर दबाव आणणारा आणखी एक घटक म्हणजे प्रेक्षकांचा आरडाओरडा. परीक्षकाने प्रेक्षकांचा शिष्य होऊ नये, त्यांचा गुरू व्हावे, असे प्लेटोने ‘नियम’ या ग्रंथात म्हटले आहे.

निकाल चकित करणारे होते. इ.स.पू. 431 मध्ये युरिपिडिसने स्पर्धेत एकत्र सादर केलेल्या ज्या नाट्यसंचात ‘मिडिया’ होते, तो तीन स्पर्धकांत तिसरा, म्हणजे शेवटचा आला. पहिला क्रमांक एस्किलसचा मुलगा युफोरियॉन याने आणि दुसरा सोफोक्लिसने पटकावला. सोफोक्लिसच्या ‘राजा ईडिपस’च्या संचालाही पहिला क्रमांक मिळाला नाही; तो एस्किलसचा भाचा फिलोक्लिस घेऊन गेला. अ‍ॅरिस्टोफेनिसची ‘मेघ’ ही सॉक्रेटिसची टवाळी करणारी सुखात्मिका इ.स.पू. 423 मध्ये तिसरी आली, आणि त्याचा राग त्याने पुढे त्याच नाटकाच्या सुधारित संहितेत प्रेक्षकांवर काढला.

युरिपिडिसला हयातीत केवळ चार वेळा पहिला क्रमांक मिळाला. पण प्लुटार्क सांगतो की, इ.स.पू. 413 मध्ये सिसिलीत अथेन्सचे सैन्य नष्ट झाल्यावर, युरिपिडिसच्या ओळी म्हणून दाखवणाऱ्या काही कैद्यांना तिथल्या लोकांनी सोडून दिले, आणि घरी परतल्यावर ते त्याचे आभार मानायला गेले. ही कथा पाच शतकांनंतर लिहिली गेली, तेव्हा तिच्यावर किती भार टाकायचा तो ज्याचा त्याने ठरवावा.

खर्चाचेही सांगतो. समूहगायकांचा, त्यांच्या तालमींचा आणि वेषभूषेचा खर्च एका धनिक नागरिकावर सोपवला जाई. इ.स.पू. 472 मध्ये एस्किलसच्या ‘पर्शियन्स’चा भार तरुण पेरिक्लिसने उचलला होता. लिसियासच्या एका भाषणातील पक्षकार एका शोकात्मिकेच्या संचावर आपण तीन हजार द्राख्मा खर्च केल्याचे न्यायालयाला सांगतो. कारागिराची ती आठ वर्षांहून अधिक काळाची मजुरी झाली. नाटककाराला नगराकडून मानधन मिळे, आणि आपली टिंगल झाली म्हणून ते मानधन कमी करणाऱ्या पुढाऱ्यांना अ‍ॅरिस्टोफेनिसने ‘बेडूक’मध्ये रंगमंचावरूनच चिमटा काढला आहे.

सोफोक्लिसने एकशेवीसवर नाटके लिहिली आणि त्यांतील सातच उरली. बाकीची कुठे गेली?
— एक ग्रंथपाल, औंध

कोणी जाळली म्हणून गेली, असे समजण्याचे कारण नाही. पपायरस फार टिकत नाही. दर काही पिढ्यांनी नवी प्रत काढली नाही तर ग्रंथ संपतो. पुढच्या काळात शाळांतून शिकवण्यासाठी प्रत्येक नाटककाराची थोडी नाटके निवडली गेली आणि नकलाकार तीच उतरवत राहिले. युरिपिडिस याला अपवाद ठरला, तोही निव्वळ योगायोगाने: निवडीतील दहा नाटकांखेरीज त्याच्या वर्णानुक्रमे लावलेल्या समग्र संग्रहाचा एक तुकडा वाचला, म्हणून एप्सिलॉन ते कॅपा या अक्षरांनी सुरू होणारी नऊ नाटके हाती लागली. त्यांत त्याची सामान्य नाटकेही आहेत, आणि मला ती मोलाची वाटतात, कारण थोर लेखकाचा साधा दिवस कसा असे ते त्यांतून दिसते.

अथेन्सने प्रयत्न केला नव्हता असे नाही. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सचा पुढारी लायकर्गस याने एस्किलस, सोफोक्लिस आणि युरिपिडिस या तिन्ही थोर नाटककारांच्या अधिकृत प्रती राज्याच्या दप्तरी ठेवण्याचा कायदा केला. इजिप्तच्या टॉलेमी राजाने त्या प्रती नकलेसाठी मागवल्या, पंधरा टॅलंट, म्हणजे नव्वद हजार द्राख्मा, अनामत ठेवली, आणि मग मूळ प्रती ठेवून घेऊन नकला परत पाठवल्या, अशी हकिकत गेलन हा वैद्य देतो. अनामत अथेन्सकडे राहिली.

अजूनही काही सापडते. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावरील ‘अथेन्सची राज्यघटना’ हा ग्रंथ इजिप्तमधून आलेल्या पपायरसवर मिळाला आणि 1891 मध्ये प्रसिद्ध झाला. एका शेतीच्या जमाखर्चाच्या पाठकोऱ्या बाजूवर तो उतरवलेला होता. मिनॅन्डरची ‘तिरसट म्हातारा’ ही सुखात्मिका 1958 मध्ये छापून आली.

त्या काळात स्त्रिया लिहीत नव्हत्या काय?
— एक वाचक, सहकारनगर

लेस्बॉसची सॅफो सर्वांना ठाऊक आहे, पण ती या काळाच्या दीड-दोनशे वर्षे आधीची. चौथ्या शतकात एरिन्ना नावाच्या कवयित्रीने बालमैत्रिणीच्या मृत्यूवर ‘चाती’ हे काव्य लिहिले. त्याचे तुकडेच उरले आहेत. मिलेटसहून आलेली अस्पेशिया भाषणकलेत निपुण होती असे समकालीन सांगतात आणि प्लेटो तर ‘मेनेक्सेनस’मध्ये एक संपूर्ण भाषण तिच्या नावावर घालतो, मात्र तिच्या हातचे एकही वाक्य आपल्यापर्यंत आलेले नाही. नागरिकांच्या घरातील स्त्रीला सभा, न्यायालय आणि शाळा ही तिन्ही बंद होती, आणि वर पाहिल्याप्रमाणे लेखकाला पैसा आणि श्रोता बहुतांशी तिथेच मिळत असे.

मराठी वाचकाने सुरुवात कशापासून करावी?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, हडपसर

सॉक्रेटिसच्या बचावाच्या भाषणापासून. ते एका बैठकीत वाचून होते. त्यानंतर ‘मिडिया’ घ्या. अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणले आहे, परंतु निदान तीन-चार शोकात्मिका वाचल्याशिवाय ते उघडू नका. थ्युसिडिडिस सलग वाचण्याचा हट्ट धरू नका, इ.स.पू. 430 च्या अथेन्समधील साथीचे वर्णन आधी वाचा. तो स्वतः त्या साथीत आजारी पडून बरा झाला होता, आणि लक्षणे त्याने डोक्यापासून खाली अशी क्रमाने लिहून ठेवली आहेत.