वाचकांचे प्रश्न : चुकीचे निदान आणि दाद

प्रश्न : नाशिकच्या एका खासगी रुग्णालयाने आईला क्षयरोगाची औषधे सात महिने दिली, नंतर मुंबईत फुप्फुसाचा कर्करोग निघाला. दावा करता येईल का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : करता येईल, मात्र निदान चुकले एवढ्यानेच निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने घ्यावयाची वाजवी काळजी हाच निकष मानला आहे. थुंकीची तपासणी किंवा बायोप्सी न करताच औषधे सुरू ठेवली होती का, यावर तुमच्या दाव्याचे बळ ठरेल. पहिल्यांदा नाशिकच्या रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन आईच्या उपचारांची कागदपत्रे मागा (तोंडी मागणीची नोंद राहत नाही). नियमानुसार ती 72 तासांत मिळायला हवीत. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत, दाव्याचे कारण घडल्यापासून, 2 वर्षे आहे.