सायन्स फिक्शन सिरियलच्या शूटिंगमधली सगळ्यात भारी गडबड कोणती?

माझं मत विचाराल तर स्टार ट्रेकचे दरवाजे! १९६६ ची ओरिजिनल सिरीज, त्यात यानाचे दरवाजे आपोआप सरकतात असं वाटतं ना, पण सेन्सर वगैरे काही नव्हतं हो, भिंतीमागे माणसं उभी राहून ते हाताने ओढायची, आणि त्यांचं टायमिंग जरा चुकलं की कलाकार ऐटीत चालत येऊन धाडकन दारावर आपटायचे. ब्लूपर्समध्ये दिसतं हे, बघाच एकदा.

दाराचीच भानगड डॉक्टर हू मध्ये पण झाली (दारांशी काय वैर आहे देव जाणे). १९६३ ला पहिला एपिसोड शूट केला तेव्हा टार्डिसचे (म्हणजे डॉक्टरच्या काळात फिरणाऱ्या यानाचे) दरवाजे नीट बंदच होईनात, इकडे सीन चालू आणि मागे ते आपले आपटतायत, शिवाय बाकीच्याही चुका होत्या, म्हणून शेवटी अख्खा एपिसोड परत शूट केला.

हल्लीचं म्हणाल तर मँडलोरियन, सीझन २ चा चौथा एपिसोड, मागे कोपऱ्यात क्रूमधला एक जीन्स-टीशर्टवाला निवांत उभा 😄 नंतर त्याला डिजिटली पुसून टाकला. राहू द्यायचा होता की बिचाऱ्याला!