इंडिकेटर बिघडला की लगेच फ्लॅशर बदलू नका

प्रश्न : नमस्कार, गाडी जुनी आहे, वीस वर्षं होऊन गेली. डावा इंडिकेटर दिला की टिकटिक एकदम फास्ट होते, उजवा मात्र नीट चालतो. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी छोटी डबी, नवीन टाकून झाला तरी तेच. आता मेकॅनिक म्हणतोय वायरिंगच काढावं लागेल. खरंच लागेल का?

उत्तर : वायरिंगचं नाव एवढ्यात काढू नका हो. आणि फ्लॅशर पण उगाचच बदलला गेला, कारण डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना फ्लॅशर एकच असतो, तो खराब असता तर उजवीकडेही त्रास दिसला असता. एकच साइड पळतेय म्हणजे त्या साइडला करंट कमी जातोय. बहुतेक गाड्यांत एका बाजूला पुढे एक आणि मागे एक असे २१ वॅटचे दोन बल्ब असतात, शिवाय फेंडरवर ५ वॅटचा छोटा असला तर असला. १२ व्होल्टवर मोठा बल्ब पावणेदोन अँपियरच्या आसपास घेतो, म्हणजे दोघांचे मिळून साडेतीन, आणि त्यातला एक गेला की सरळ निम्मा लोड कमी. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला ते कळतं आणि तो मुद्दाम जोरात टिकटिक करायला लागतो, म्हणजे ड्रायव्हरला गाडीत बसल्या बसल्या समजावं की बल्ब गेलाय. एरवी मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकणं नॉर्मल धरतात.

(जुना, आत पत्री तापून चालणारा फ्लॅशर असेल तर मात्र उलटं होतं, बल्ब गेला की टिकटिक मंदावते किंवा इंडिकेटर नुसता पेटून राहतो. रोग तोच.)

तर चावी ऑन करा, डावा इंडिकेटर द्या आणि खाली उतरून गाडीला चक्कर मारा. न लागणारा बल्ब काढून बघा, काच काळी पडलीय किंवा तार तुटलीय तर विषयच संपला. पण तार दिसायला शाबूत आणि तरी बल्ब मेलेला असंही होतं, म्हणून तो उजव्या बाजूला लावून बघा. तिकडे लागला तर दोष होल्डरमध्ये आहे, आणि जुन्या गाडीत माझा पहिला संशय होल्डरवरच असतो. टॉर्च मारून आत बघा, कडेला हिरवी-पांढरी पूड धरलेली दिसेल, मधली पितळी पट्टी वर्षानुवर्षं दाबून चपटी झालेली असेल आणि बल्बच्या बुडाला धड टेकतही नसेल. चावी बंद करा, बारीक पॉलिश पेपरची गुंडाळी करून आतून घासा, पट्टी छोट्या स्क्रूड्रायव्हरने जराशी उचला, जास्त जोर लावला तर तुटते ती.

एवढं करूनही नाही लागला तर टेस्ट लॅम्प घ्या, म्हणजे एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला तपासणीचा छोटा दिवा. क्लिप बॉडीच्या उघड्या लोखंडाला लावा, टोक त्या मधल्या पट्टीला, आणि इंडिकेटर चालू करा. टेस्ट लॅम्प लुकलुकला म्हणजे करंट तिथपर्यंत येतोय, अर्थिंग, म्हणजे बॉडीतून परत जायची वाट, नाहीये. नाही लुकलुकला तर वायर किंवा मधला कनेक्टर बघायचा, आणि तेव्हाही त्या एका वायरचाच शोध घ्यायचा, अख्खं वायरिंग उचकटायचं काही कारण नाही. सगळे बल्ब लागतायत तरी टिकटिक फास्ट असेल तर बल्बच्या बुडावर कोरलेले वॅट वाचा, कुणीतरी २१ च्या जागी १० चा ठोकलेला असू शकतो.

प्रश्न : ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर पण मंद लागतो, आणि इंडिकेटर दिला की टेल लॅम्प त्याच्याबरोबर फडफडतो. स्विच गेला का?

उत्तर : स्विच नाही, अर्थिंग. मागच्या लॅम्पमध्ये ब्रेक, टेल, इंडिकेटर सगळ्यांना मिळून बहुतेक वेळा एकच अर्थची वायर असते. ती सुटली किंवा गंजली की करंटला परत जायला वाट राहत नाही, मग आपला रस्ता बंद झाल्यावर शेजाऱ्याच्या अंगणातून जावं तसा तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून निघतो आणि दोघंही अर्धवट पेटतात. खात्री करायला वायरचा एक तुकडा घ्या, एक टोक लॅम्पच्या अर्थला आणि दुसरं स्वच्छ लोखंडाला. सगळं जागेवर आलं तर अर्थचा बोल्ट काढा, खालचा रंग-गंज लोखंड चमकेपर्यंत घासा, बोल्ट घट्ट आवळा आणि वरून थोडी व्हॅसलीन लावा. फरक नाहीच पडला तर बल्ब तपासा. ब्रेक-टेलच्या दोन तारांच्या बल्बचे खिळे वरखाली असतात, एका तारेच्याचे समोरासमोर, पण जोर लावून चुकीचा बल्ब बसवणारे महाभाग आहेत आणि मग असेच खेळ होतात.

प्रश्न : हॅझार्डचं, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याचं बटण दाबलं की चारही लागतात, इंडिकेटर मात्र कुठल्याच बाजूला नाही.

उत्तर : मग बल्ब चांगले आहेत. हॅझार्डला सप्लाय थेट बॅटरीकडून येतो आणि इंडिकेटरला चावीतून, त्यामुळे फ्यूज सहसा वेगवेगळे असतात, आधी तो बघा. फ्यूज ठीक असेल तर हॅझार्डचं बटण पंधरा-वीस वेळा आतबाहेर करा. वेडेपणा वाटेल, पण पुष्कळ गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय त्याच बटणातून फिरून जातो आणि बटण वर्षभर कुणी दाबत नाही, आत काजळी धरते. दाबून इंडिकेटर जिवंत झाला तर तेच कारण, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा नाहीतर बटण बदला. त्यानंतर राहिली स्टिअरिंगखालची दांडी, पण एअरबॅगवाली गाडी असेल तर स्टिअरिंग घरी खोलू नका, ते जाणकाराकडूनच.

प्रश्न : चारही बल्ब एलईडी टाकले तर टिकटिक फास्ट झाली.

उत्तर : होणारच, एलईडी इतका कमी करंट घेतो की फ्लॅशरला वाटतं बल्ब उडालेत. इथे मात्र फ्लॅशर बदला, एलईडीला चालणारा घ्या. काहीजण लोड वाढवायला प्रत्येक बल्बला ६ ओहमचा रेझिस्टर जोडतात, मला ते पटत नाही, इंडिकेटर बराच वेळ चालू राहिला की तो चटका बसेल इतका तापतो आणि शेजारी वायर नाहीतर प्लास्टिक असतंच. आणखी एक, डॅशवर दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा दिवा असेल तर एलईडी टाकल्यावर एक साइड दिली तरी चारही लुकलुकू शकतात, कारण त्या दिव्यातून करंट पलीकडे जातो आणि एलईडीला तेवढाही पुरतो. तसं झालं तर निमूट जुने बल्ब परत लावा.

प्रश्न : वळण संपलं तरी दांडी आपोआप परत येत नाही.

उत्तर : स्टिअरिंगच्या मागे दांडी परत ढकलणारा प्लास्टिकचा छोटा भाग असतो, तो झिजलाय किंवा तुटलाय. बल्ब-वायरिंगशी काही संबंध नाही. काही गाड्यांत तो भाग सुटा मिळतो, काहींत अख्खा स्विच घ्यावा लागतो. तोवर वळलात की हाताने बंद करा, नाहीतर मागचा बिचारा तुमच्या पुढच्या वळणाची वाट बघत राहतो.