उन्हाळा कडक म्हणजे पाऊस चांगला, असं धरून विदर्भात मृगावर सोयाबीन पेरावं का?

तुम्ही विचारलंय की हवामान खात्याच्या एप्रिल ते जूनच्या तापमानाच्या अंदाजात विदर्भ लालभडक दाखवलाय, म्हणजे जमीन सणकून तापणार, म्हणजे पाऊसही दमदार येणार. मग मृग लागताच सोयाबीन टाकून मोकळं व्हावं का?

नाही. 'तापेल तितकं पडेल' या वाक्यावर मी पारावर आणि कृषी केंद्राच्या बाकड्यावर इतक्यांदा वाद घातलाय की इथे जरा सविस्तरच लिहितो.

2015 चा मे आठवा. आंध्र-तेलंगणात उष्माघाताने दोन हजारांवर माणसं गेली. त्या हिशेबाने पाऊस धो-धो पडायला हवा होता. देशाचा मान्सून सरासरीच्या 86 टक्क्यांवर आटोपला, कारण प्रशांत महासागरात एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं. आता 2025 घ्या. मार्चअखेरच्या अंदाजात देशाच्या बहुतेक भागात तापमान सरासरीपेक्षा जास्त सांगितलं होतं. प्रत्यक्षात तो मे 1901 पासूनचा देशातला सर्वांत ओला मे ठरला. जमीन तापलीच नाही, आणि मान्सून 108 टक्के झाला. तुमच्या वावरातल्या उन्हावरून हंगामाचा पाऊस ठरत नाही.

पण 2025 मधली खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढची आहे. 24 मेला मान्सून केरळात, 26 मेला मुंबईत. बातम्या पाहून अनेकांनी तिफण बाहेर काढली. महिनाअखेरीस वारे ढिले पडले, मान्सून जागच्या जागी थबकला, तो जूनच्या मध्यापर्यंत. मधल्या काळात विदर्भात पारा पुन्हा चाळिशीपार. अशा वेळी भारी काळ्या जमिनीत काय होतं ते नीट समजून घ्या. उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन पहिले 30–40 मिमी नुसतंच पिऊन टाकते. वरची दोन-तीन इंच माती ओली दिसते, खाली हात घातला तर राख. बी तेवढ्या ओलीवर फुगतं, कोंब सोडतं, मूळ खाली जातं आणि तिथे काहीच नाही. वरून 41–42 अंशांचं ऊन, त्यात पापडी धरते, म्हणजे मातीचा वरचा थर कडक होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी पेरणीची ओळ उकरून पाहिली तर कोंब वाकडा होऊन पिवळा पडलेला. मग दुबार पेरणी. हंगाम 108 टक्क्यांचा असूनही बियाणं, खत, मजुरी, सगळं पुन्हा.

तो लाल नकाशा कसा वाचायचा, हे फार कमी लोक सांगतात. त्यात तीन शक्यता असतात: सरासरीपेक्षा कमी, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा जास्त. काहीच कल नसेल तर प्रत्येकीला 33 टक्के. नकाशात 'जास्त'ला 55 टक्के लिहिलं असेल, तर उरलेले 45 टक्के तसं न होण्याचे. तो तीन महिन्यांचा कल आहे, तारखेचा अंदाज नव्हे. विहिरीचं पाणी कुठवर पुरेल, चारा किती साठवायचा, उन्हाळी भुईमुगाला पाण्याची शेवटची पाळी मिळेल का, एवढ्यासाठी तो वापरा. पेरणीसाठी दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज पाहा. त्यातले पहिले दोन आठवडे कामाचे, पुढचे कलापुरते. आणि मंगळवार-शुक्रवारची जिल्ह्याची कृषी हवामान पत्रिका.

उष्णतेच्या लाटेचंही तसंच. सपाट भागात 40 च्या वर जाऊन सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, नाहीतर थेट 45, तेव्हा 'लाट' जाहीर होते. मेच्या उत्तरार्धात नागपूर-चंद्रपूरची सरासरीच 42–43 च्या घरात. म्हणजे आठ दिवस 44 अंश राहिलं तरी कागदावर लाट नाही. इशारा आला नाही म्हणून भरदुपारी वखर चालवू नका, बैलांनाही झेपत नाही.

आता पेरणी. मृगाची तारीख विसरा, मिलिमीटर मोजा. 20 सेंटिमीटर तोंडाचं नरसाळं बरणीवर घट्ट बसवून उघड्यावर ठेवा, जवळचं झाड किंवा भिंत स्वतःच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब असावी. रोज सकाळी साडेआठला पाणी मापात ओता: 31 मिली म्हणजे 1 मिमी. 75 ते 100 मिमी भरल्याशिवाय पेरू नये, आणि तेही तीन-चार पावसांत. एका झोडपणाऱ्या पावसाचे 100 मिमी बांधावरून वाहून जातात. मग खुरप्याने वीतभर खोल माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा झाला आणि बोटाने ढकलताच फुटला तर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. हाताला चिकटली तर दोन दिवस थांबा.

घरचं बियाणं असेल तर मेमध्येच 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. 70 किंवा जास्त उगवले तर एकरी 30 किलो. त्याखाली प्रत्येक टक्क्याला अर्धा किलो वाढवा, आणि 60 च्या खाली असेल तर ते बियाणं वापरूच नका. खोली 3–4 सेंटिमीटर. त्याहून खोल गेलं आणि पापडी आली की कोंब वर येत नाही. थांबल्याने उत्पादन जातं ही भीती जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बाळगू नका. 15 जुलैनंतर मात्र खरंच फरक पडतो.

दोन गोष्टी राहिल्या. हे सगळं भारी ते मध्यम जमिनीसाठी. हलक्या मुरमाड वावरात ओल टिकत नाही, तिथे पुढच्या आठवड्यात पावसाचा अंदाज असेल तरच पेरा. आणि कोणी म्हणेल, कपाशीची धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत पेरणी, चालते, मग सोयाबीनची का नाही? सरकीचं कवच जाड असतं, कोरड्या मातीत ती पाऊस येईपर्यंत पडून राहते. सोयाबीनचं साल पातळ असतं. गोणी जोरात आपटली तरी उगवण घटते, तर तापल्या मातीत ते आठ दिवसही तग धरत नाही.