शंका-समाधान : कॉलेजच्या न्यूजरूममधून

ऑनलाइन पत्रकारिता शिकणारे विद्यार्थी आणि त्यांना शिकवणारे यांच्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. बातमी कशी लिहावी, असं यावेळी फारसं कोणी विचारलेलं नाही. लिहून झालेली बातमी वेबसाइटवर लागेपर्यंत वाटेत जे काही होतं, त्याबद्दलच बहुतेकांची तक्रार आहे.

आमच्या न्यूजरूममध्ये १४ जण आहेत. सकाळच्या बैठकीत नऊ-दहा बातम्या ठरतात. दुपारी ४ वाजता हातात दोन-तीनच येतात, त्याही एकदम. कुठे चुकतं?

बहुतेक बैठकांत ठरतात ते विषय, बातम्या नव्हेत. ‘ग्रंथालयाच्या वेळा’ हा विषय झाला. ‘परीक्षेच्या काळात ग्रंथालय रात्री ८ ऐवजी १० पर्यंत उघडं राहणार, पण वाढीव दोन तासांसाठी कर्मचारी अजून नेमलेले नाहीत’ ही बातमी. बैठकीत प्रत्येकाकडून असं एक क्रियापद असलेलं वाक्य मागा. ज्याला ते सांगता येत नाही, त्याला तासभर फोन करायला बसवा. त्याचा विषय आजच्या यादीत घेऊ नका.

यादी सगळ्यांना दिसणाऱ्या एकाच शीटवर असावी. रकाने थोडेच ठेवा: बातमीचं छोटं नाव, ते एक वाक्य, कोण करतंय, कोणाशी आणि किती वाजता बोलणार, फोटो कोणाचा, कॉपी (बातमीचा लिहून झालेला मजकूर) किती वाजता येणार, कोण तपासणार. यातला चौथा रकाना सगळ्यांत बोलका. ११ वाजले तरी तो कोरा असेल, तर ती बातमी आज येत नाही असं धरून चाला.

आता ‘एकदम येतात’ याबद्दल. ४०० शब्दांची कॉपी नीट तपासायची, मथळा द्यायचा, लिंक लावायच्या, फोटो आणि त्याखालची ओळ टाकायची, यात नवख्या उपसंपादकाचा पाऊण तास सहज जातो. दुसरी नजर हवीच, म्हणून एका बातमीमागे डेस्कचे, म्हणजे कॉपी तपासणाऱ्यांचे, दोघं अडकतात. साडेबारा ते साडेचार या चार तासांत पाच बातम्या होतात, दहा होत नाहीत. तेव्हा सहाच ठरवा, त्यातली एक पडणार हे गृहीत धरा आणि कॉपीच्या वेळा पाऊण-पाऊण तासाच्या अंतरानं लावा: १२:३०, १:१५, २:०० अशा. सगळ्यांना ‘३ पर्यंत द्या’ सांगितलं की सगळे २:५५ ला देतात.

आणखी एक. वर्डप्रेसवर (साइटवर मजकूर लावायच्या सॉफ्टवेअरवर) कोणी बातमीत काम करत असताना दुसऱ्यानं ती उघडली, तर ‘ताबा घ्या’ असा पर्याय येतो. तो दाबला की पहिला माणूस बाहेर फेकला जातो. दाबण्याआधी खोलीत मोठ्यानं विचारा. यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर अजून निघालेलं नाही.

सकाळी ६ वाजता लागायला शेड्यूल केलेली बातमी कधी ६:४० ला लागते, कधी सव्वासातला. असं का?

उशीर रोज नेमका तेवढाच असता, तर टाइमझोनची सेटिंग चुकली आहे असं म्हटलं असतं. वर्डप्रेस नवं बसवलं की वेळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असते, ‘सर्वसाधारण’ सेटिंग्जमध्ये ती बदलावी लागते. तुमचा उशीर रोज वेगळा आहे. वर्डप्रेसची वेळेवर चालायची कामं कोणीतरी साइट उघडल्यावरच जागी होतात. पहाटे कॉलेजच्या साइटवर कोणी फिरकत नाही, त्यामुळे पहिला वाचक येईल तेव्हा बातमी लागते. साइट सांभाळणाऱ्यांना सांगून सर्व्हरवर खरा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय, लावून घ्या, दर ५ मिनिटांनी चालणारा. तोवर ६ वाजता एकानं फोनवर साइट उघडली तरी बहुतेक वेळा भागतं.

फोटो व्हॉट्सअॅपवरून डेस्कला येतात. वेबसाइटवर धुरकट दिसतात. शिवाय कोणता फोटो कोणाचा, हे शोधण्यातच वेळ जातो.

व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि त्यातली कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्यानं काढला ही माहितीही गाळतं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते. त्याहून बरं, रोजच्या तारखेचा एक सामायिक फोल्डर ठेवा आणि थेट तिथे टाका. फाइलला आधी तारीख, मग बातमीचं छोटं नाव, मग छायाचित्रकाराची आद्याक्षरं. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरं’ असली नावं कोणी दिली की फाइल परत पाठवा.

साइटसाठी वेगळी प्रत करा: रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल, जेपीईजी, शक्यतो ३०० केबीच्या आत. मूळ फाइलला हात लावू नका. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून येते तेव्हा फोटो कुठे काढला याचे अक्षांश-रेखांशही बरोबर येऊ शकतात. नाव न छापण्याच्या अटीवर बोललेल्या माणसाच्या घरी काढलेला फोटो तसाच अपलोड केला, तर तुम्ही त्याचा पत्ताच छापलात. अशा फोटोची माहिती अपलोडआधी पुसायची.

नावांच्या घोळावर जुना उपाय आहे. माणसाचा फोटो काढला की लगेच त्याला त्याचं नाव आणि पद वहीत लिहायला सांगा आणि त्या पानाचा फोटो काढा. गॅलरीत चेहरा आणि नाव शेजारी-शेजारी राहतात, स्पेलिंगही त्याच्याच हातचं.

मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या मुलाखतीत पंख्याचा आवाज जास्त आणि माणसाचा कमी येतो. नंतर एडिट करून सुधारता येईल का?

थोडंफार. पण आवाज साफ करणारं कोणतंही सॉफ्टवेअर पंखा काढताना बोलण्याचाही काही भाग खातं आणि माणूस डब्यातून बोलल्यासारखा ऐकू येतो. दुरुस्ती रेकॉर्डिंगच्या वेळीच करायची.

मूळ कारण अंतर. माइक तोंडापासून दुप्पट लांब गेला की बोलणाऱ्याचा आवाज साधारण ६ डेसिबलनं खाली येतो. पंख्याचा मात्र खोलीभर पसरलेला असतो, तो होता तेवढाच राहतो. टेबलावर ठेवलेल्या फोनला म्हणूनच पंखा छान ऐकू येतो. फोनचा माइक असो की कॉलरला लावायचा, तोंडापासून वीतभर अंतर हवं. माइक तोंडाच्या अगदी समोर नको, किंचित बाजूला धरा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ला फट् असा आवाज येतो. कॉलरचा माइक ओढणीवर किंवा साखळीजवळ लावू नका, सगळी मुलाखत खसखसते.

बसण्याआधी पंखा, एसी बंद करायची परवानगी मागा. बहुतेक जण देतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका, मध्येच कॉल आला तर काही अॅप रेकॉर्डिंग थांबवतात आणि ते लक्षातही येत नाही. पहिला प्रश्न नाव आणि पद सांगण्याचा ठेवा. त्यावर अॅपच्या मीटरवर आवाजाची पातळी बघून घ्या (तिथे शून्य ही कमाल मर्यादा असते): मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावा. शून्याला टेकून फाटलेला आवाज पुढे नीट होत नाही, हळू असलेला निदान वाढवता तरी येतो. हेडफोन कानाला लावूनच रेकॉर्ड करा, दिसायला कसंही दिसो. मुलाखत संपल्यावर अर्धा मिनिट कोणीही न बोलता खोलीचा नुसता आवाज घ्या. दोन वाक्यांमधलं काही कापलं की तिथे भरायला तोच लागतो. तो नसेल तर मध्येच अचानक संपूर्ण शांतता होते आणि काप ऐकू येतो.

तासाभराची मुलाखत हातानं उतरवायला चार तास लागतात. म्हणून बोलणं चालू असतानाच महत्त्वाच्या वाक्यापाशी वहीत वेळ टिपा: ‘१२:४० – बजेट’, ‘३१:१५ – राजीनामा’. आपोआप उतरवून देणारी साधनं जरूर वापरा, पण ती नावं, आकडे आणि ‘नाही’ या तीन ठिकाणी हमखास घसरतात. ‘आम्ही परवानगी दिली नाही’ मधला शेवटचा शब्द गळला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. अवतरणात जाणारं प्रत्येक वाक्य कानानं पुन्हा ऐकूनच टाका.

‘उपस्थिती १५ टक्क्यांनी वाढली’ असं आम्ही छापलं. खरं तर ती ६० टक्क्यांवरून ७५ वर गेली होती. एका वाचकानं चूक दाखवल्यावर डेस्कनं आकडा गुपचूप बदलला. चाललं असतं का?

वेलांटी किंवा सुटलेला अनुस्वार गुपचूप बदलायला हरकत नाही. अर्थ बदलत असेल तर सांगून बदलायचं. दोन टक्केवारींमधला थेट फरक टक्केबिंदूंत सांगतात. तुमच्या उदाहरणात वाढ १५ टक्केबिंदूंची, आणि मूळच्या ६० च्या मानानं २५ टक्क्यांची आहे. बातमीखाली एवढं पुरे: ‘दुरुस्ती, दुपारी ३:१०. उपस्थिती १५ टक्क्यांनी वाढल्याचं या बातमीत आधी म्हटलं होतं. ती ६० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर, म्हणजे १५ टक्केबिंदूंनी वाढली आहे.’ ‘अनवधानानं’, ‘तांत्रिक कारणामुळे’ वगैरे नको. हिशेब चुकला, त्यात तंत्राचा काय दोष?

चूक मथळ्यातही असेल तर काम वाढतं. मथळा बदला, पण बातमीचा वेब पत्ता शक्यतो बदलू नका, शेअर झालेल्या लिंक तुटतात. चूक पत्त्यातच असेल तर बदला आणि जुन्यावरून नव्याकडे नेणारं ३०१ रीडिरेक्ट लावा. फेसबुकवर शेअर केलेल्या लिंकचं जे कार्ड दिसतं, त्यात जुना मथळा साठून राहतो. त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून तो ताजा करून घ्यावा लागतो. सोशल मीडियावर चुकीचा आकडा गेला असेल तर तिथेही दुरुस्ती टाका, बातमीखालची ओळ तिथवर पोचत नाही.

साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गुगल अॅनालिटिक्समध्ये आमच्या बातमीला ३०० व्ह्यूज दिसतात. त्यात आम्हीच किती?

बरेच. तपासताना, मथळा बदलताना, मित्रांना दाखवताना पान उघडलं की प्रत्येक वेळी एक व्ह्यू पडतो. अंतर्गत भेटी वगळण्याचं फिल्टर तिथे आहे, पण ते सुरुवातीला ‘चाचणी’ अवस्थेत असतं. ‘सक्रिय’ करेपर्यंत काहीच वगळलं जात नाही. मात्र ते लावण्याआधी एक विचारून घ्या: सगळं कॉलेज इंटरनेटवर एकाच आयपी पत्त्यानं (इंटरनेटवरच्या ओळख क्रमांकानं) बाहेर पडतं का? तसं असेल तर फिल्टरनं न्यूजरूमबरोबर तुमचे खरे वाचकही, म्हणजे बाकीचे विद्यार्थी, गळून पडतील. त्याऐवजी वर्डप्रेसमध्ये लॉगिन केलेल्यांची मोजणीच होऊ नये अशी सोय मोजणीच्या प्लगइनमध्ये (वर्डप्रेसला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) बहुतेक असते, ती चालू करा. आणि आपली बातमी लॉगआउट करून बघायची सवय मोडा.